कोपऱ्यातली खुर्ची

मेहकरच्या एका कॉफीच्या दुकानात मी टेबलं पुसते. तिथं कोपऱ्यातल्या खुर्चीत एक मुलगी रोज लॅपटॉप घेऊन बसते. वायफायसाठी येणारे बाकीचे एका कॉफीवर दुपार काढतात. ही मधून मधून नवी मागवते. मी पुसायला गेले की ती लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून धरते. तिची एक तरी चूक सापडावी म्हणून मी टपून असते.

फोनवर बोलायला ती नेहमी बाहेर जाते. काल जाताना म्हणाली, "ताई, बसा न इथं. लॅपटॉपकडं ध्यान ठेवा."

मी बसले. मालक ओरडला, "काऊन बसली वं?"

"मीच बसवलं त्यायले," ती दारातून म्हणाली.

तेवढ्यावर मालक गल्ल्याकडं वळला. मी मात्र उठले. त्या खुर्चीत मला बसायचंच होतं, पण तिनं बसवलं म्हणून नाही.