सगळ्या होड्यांवर तेच खलाशी

हे मी आजवर कुणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. खाऱ्या बांगड्याचा वास आला की मालवणात माझ्याकडे पायथन ही संगणकाची भाषा शिकायला येणारी एक मुलगी आठवते. तिच्या वहीला तो वास असायचा. तिची आई मासळी विकायची आणि तिनं लेकीला बजावलं होतं, "पास झालंस तर शीक, नायतर माझ्यावांगडा बाजारात बस." पोरीनं प्रोजेक्टला होड्या घेतल्या: कुठल्या होडीवर कोण खलाशी गेले, त्याची नोंद. प्रत्येक होडीची यादी वेगळी राहायला ती दोन्हीकडे अंडरस्कोर असलेल्या 'इनिट'मध्ये, म्हणजे प्रोग्रॅममध्ये नवी होडी तयार होताना दरवेळी चालणाऱ्या भागात, लिहावी लागते. मी मात्र फळ्यावर ती इनिटच्या बाहेर लिहून दिली होती, आणि तशी लिहिलेली यादी सगळ्या होड्यांना मिळून एकच होते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर हसले, "अगं, तीच माणसं चारही होड्यांवर? भुतं आहेत की काय?" तिनं वहीतलं, माझ्या फळ्यावरून उतरवून घेतलेलं पान उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर वाळत घातलेल्या जाळ्यांकडे बघत राहिलो. तिनं वही मिटली. "माझाच चुकला, सर." ती नापास झाली. परवा बाजारात तिनंच मला बांगडे दिले, "तुमका बरे बघून दितंय, सर" म्हणत. मी पिशवी घेऊन निघून आलो. चूक माझी होती, एवढं तिला सांगणं अजून राहिलंय.