एकच मेजर, तोही दगडांचा

"नुसते दगड? चार वर्षं नुसते दगड?" बाबांच्या त्या आरोळीनं आमच्या सनीव्हेल गावापासून समुद्रापर्यंतचे सगळे देवमासे दचकले असणार. करपलेल्या मोहरीचा वास आला की मला ती संध्याकाळ आठवते. कोटीतून एखाद्यालाच घेणाऱ्या युनिव्हर्सिटीनं मला घेतलं होतं, आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कळवायचा तो शेवटचा दिवस होता. मला एकटं जिऑलॉजी हवं होतं. चिप कंपनीतल्या बाबांना डबल मेजर, सोबत कंप्युटर सायन्स. "अगं, दगड घे, पण कंप्युटरच्या जोडीनं घे!" आमच्या भांडणात आईची फोडणी जळली, स्मोक अलार्म किंचाळला, आणि आई खुर्चीवर चढून टॉवेलनं असा वारा घालू लागली की खिडकीबाहेरचं ताडाचं झाड वाकलं. वरूनच तिनं विचारलं, "अहो, तुमची चिप कशाची असते हो?" "सिलिकॉनची." "आणि सिलिकॉन कुठून येतं?" बाबांनी असा कपाळावर हात मारला की अलार्मही दचकून थांबला. आज मी नेवाडातल्या खाणीवर भूशास्त्रज्ञ म्हणून खरोखरच दगड फोडून पोट भरते. तेव्हा मात्र माझं बोट लॅपटॉपवरच्या फॉर्मच्या बटणावर अडून बसलं होतं. "दगडातून," बाबा म्हणाले, "पाठव तो फॉर्म."