नालेखालचा पोपटी

आबांचा जुना ट्रक पुन्हा मूळ रंगात आणायचा, एवढंच ठरलं होतं. त्यावरून घरात केवढं महाभारत झालं म्हणून सांगू!

नरसिंहपूरला आबांशी लग्न लागलं तेव्हा आई याच कोऱ्या ट्रकमधून कोऱ्हाळ्याला नांदायला आली. नंतर ट्रकवर भगवा चढला, लाल चढला, काय काय चढलं. ट्रक इंदापूरला नेला तेव्हा पेंटरचाचांनी ड्रायव्हरकडच्या दाराचे थर खरवडले आणि सगळ्यात खाली निळा निघाला. त्यांनी तसाच रंग घोटून डब्याच्या झाकणावर लावून दाखवला. आबा खूश. "ह्योच!"

"ह्यो न्हाय," आई म्हणाली. "पोपटी होता."

"हिचं काय ऐकता? हिला सकाळी काय खाल्लं ते आठवत न्हाय," आबा म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

हल्ली आई दूध गॅसवर ठेवून विसरायची, किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडायच्या. मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "खरंच माझं डोकं रिकामं व्हाया लागलंय का गं?" माझं असं टाळकं सटकलं म्हणता! रंग गेला खड्ड्यात, आता आई खोटी पडता कामा नये.

"चाचा, दुसरीकडं कुठं जुना रंग असंल की."

"बाकी पत्रा मागंच घासून काढलाय, ताई. ऱ्हायली ती फक्त नाल."

खरंच की! नवीन गाडीला दृष्ट लागू नये म्हणून आबांनी पहिल्याच दिवशी बोनेटखाली समोरच्या पत्र्यावर घोड्याची नाल बोल्टांनी बसवली होती. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. इतक्या वेळा रंग मारला, पण प्रत्येक पेंटरनं ब्रश तिच्या कडेनंच फिरवला होता.

"नालेला हात लावायचा न्हाय!" आबा आडवे आले.

आईनं पर्समधली कुंकवाची डबी काढली, नालेला बोट लावलं, हात जोडले आणि मला म्हणाली, "काढ."

बोल्ट गंजून बसलेले. मी पान्यावर अक्षरशः लोंबकळले. शेवटी नाल खणकन खाली पडली आणि मी तिच्यामागून धपकन. पत्र्यावर नालेच्या आकाराचा कोवळा, लख्ख पोपटी!

"बगा! बगा!" आई टाळ्या पिटायला लागली. मी तिथंच धुळीत बसून खिदळत होते.

"मग दार निळं कसं?" आबा अजून हटेनात.

"अहो, बैलगाडीला घासून दार चेपवलं कुणी? हितल्याच भंगारातनं दुसऱ्या गाडीचं दार आणून बसवलं कुणी? दिवाळीच्या तोंडावर! माझे लाडू तसेच ऱ्हायले वळायचे."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "व्हय की," म्हणाले. चाचा तर हसता हसता खोकायलाच लागले.

पोपटी ट्रक आणायला गेलो त्या दिवशी आई आधी चढली. "या, का चढायचं बी विसरला?"

आबांनी गाडी हायवेला घातली आणि जरा वेळानं हळूच विचारलं, "त्या दिवशी तुझं लुगडं कुठल्या रंगाचं व्हतं गं?"

"तुमीच सांगा."

बारामती येईपर्यंत आबा एकेक रंग सांगत राहिले, आणि आई पोट धरून हसत प्रत्येकाला म्हणत राहिली, "न्हाय. मला आठवतंय."