आबांचे पॉइंट

क्रेडिट कार्ड निवडायला मी अख्खा महिना घेतला होता. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा दहा मिनिटांत उठला होतात." ऑफिसातल्या एका मित्रानं बजावलं होतं की आधी आपला खर्च बघ, मग कार्ड बघ, उलटं केलंस तर पॉइंटसाठी नको त्या वस्तू घेत बसशील. मला ते पटलं. मी हिंजवडीत एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे आणि अशा कामात माझा जीव रमतो. विमानप्रवासावर सवलत देणारं कार्ड मी लगेच बाजूला टाकलं. ऑनलाइन खरेदीचं कार्ड चांगलं होतं, पण आमचा किराणा पिरंगुटहून यायचा. आमचा खरा खर्च पेट्रोलचा. आमच्या भरे गावाहून घोटवड्याच्या रस्त्यानं रोज हिंजवडी आणि परत.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी बायकोला घरातला एकेक खर्च विचारत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, शेजारीच तंबाखू मळत बसले होते. त्यांना मी काहीच विचारलं नाही.

"आन् माझा खर्च?" ते म्हणाले.

"तुमचा काय खर्च, आबा? तंबाखू आणि फाट्यावरचा चहा. तो रोखीतला, तो धरायचा नसतो."

"म्हंजी मी ह्यात बसतच न्हाई."

"नाही बसत," मी हसत म्हणालो.

हे वाक्य मी किती सहज बोललो होतो, ते आता आठवतं. भाताची खाचरं विकून आम्ही खोल्या बांधल्या त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. विकायचा आग्रह माझाच होता. खोल्यांत कंपन्यांतली मुलं राहतात, भाडं थेट माझ्या मोबाइलवर पाठवतात. पूर्वी झोडणी झाली की आबा रोज संध्याकाळी पोती मोजायचे, आणि कुणी विचारलं नाही तरी आकडा सांगायचे. शेत गेल्यापासून त्यांच्याकडं मोजायला काही उरलं नव्हतं. मला ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांना आता आराम आहे, असं मी लोकांना सांगायचो.

पेट्रोलचं कार्ड घेतलं. त्याबरोबर घरातल्या आणखी एकाला जोडकार्ड फुकट मिळत होतं. बायकोनं नको म्हटलं, म्हणून अर्धवट गमतीत मी आबांच्या नावानं मागवलं. कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते धोतराला पुसून डोळ्यांजवळ धरलं.

"ह्यात माझं नाव कुटं हाय?"

मी इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. मग पॉइंट म्हणजे काय ते सांगितलं. तेल टाकलं की पॉइंट मिळतात, ते साठले की त्यावर फुकट तेल.

"म्हंजी जितकं तेल टाकू तितकं पॉइंट?"

"हो."

एवढ्यावर त्यांनी आपलं काम शोधलं. फाट्याच्या पुढं जो पंप आहे तिथं ते रोज सकाळी चालत जायला लागले. ओळखीचं कुणी तेल टाकायला आलं की म्हणायचे, रोख मला दे, मी कार्ड लावतो, पोराला पॉइंट पडतात. गाव ओळखीचं, त्यामुळे कुणी नाही म्हणायचं नाही. मोटरसायकलवाल्यांचं थोडकं तेल. ट्रॅक्टर आला की मात्र आबा लांबूनच हात करायचे. लोक त्यांना पॉइंटवाले म्हणू लागले. ते नाव त्यांना आवडलं होतं. संध्याकाळी नोटा नीट लावून बायकोच्या हातात द्यायचे. एक रुपयाही कधी कमी आला नाही.

मग मला विचारायचे, "आज किती झालं?"

इथं मला खरं लिहायला हवं. त्या कार्डावर महिन्याला ठरावीक पॉइंट झाले की पुढं काहीच मिळत नव्हतं. ती अट मी कार्ड घेतानाच वाचली होती. आबांच्या उत्साहानं ती मर्यादा पहिल्या आठवड्यातच संपायची. उरलेला महिना ते उन्हात उभे राहायचे, त्याचा आम्हाला छदामही मिळत नव्हता. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही सांगत, असं मी स्वतःशी म्हणायचो. खरं तर समजावत बसायचा कंटाळा होता. मोबाइलवरून मान न काढता मी कुठलाही आकडा सांगायचो. शंभर. एकशे वीस. ते बायकोला आत जाऊन सांगायचे, "आज एकशे वीस पडलं गं."

मला बढती मिळाली तेव्हा विभागातल्या चौघांना मी हिंजवडीतल्या एका हॉटेलात जेवायला नेलं. बिलाच्या वेळी कार्ड चाललं नाही. पुन्हा लावलं, तरी नाही. जोडकार्डाचा आणि माझा खर्च उधारीच्या एकाच मर्यादेत धरला जातो, आणि चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचं डिझेल खूप जातं; ती मर्यादा संपली होती. माझ्या हाताखालच्या एका मुलानं बिल भरलं. "होतं सर असं कधीकधी," तो म्हणाला.

परत येताना पंप लागला. आबा तिथंच होते. एका ट्रॅक्टरजवळ उभे राहून त्यांच्या जुन्या सोबत्याशी हसून बोलत होते. तो माणूस आणि आबा एकमेकांच्या खाचरांत लावणीला जायचे. मी गाडी उभी केली आणि उतरलो.

"काय चाललंय हे, आबा? पंपावर उभं राहून लोकांकडून पैसे गोळा करताय? भीक मागितल्यासारखं दिसतं! ज्यानं त्यानं आपलं आपलं भरावं. द्या ते कार्ड."

ट्रॅक्टरवाला सोबती म्हणाला, "आरं, बापाशी बोलतुयास. भान हाय का न्हाई?"

आबांनी कार्ड दिलं. मग मुठीतल्या नोटाही माझ्यापुढं धरल्या. त्या मी घेतल्या.

दोन-तीन दिवसांनी मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुझं बरोबरच हाय. मला काय कळतंय त्यातलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. त्यानंतर ते पंपाकडं गेले नाहीत. हळूहळू फाट्यावरचा चहाही सुटला. ओट्यावर बसतात, भाडेकरूंच्या गाड्या येता-जाता बघतात. आज किती झालं, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

यंदा बँकेनं पेट्रोलवरचे पॉइंट कमी केले आणि मला पुन्हा कार्ड निवडायची वेळ आली. आता मी आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जातो, किराणाही बराचसा मोबाइलवरून येतो. हिशेबानं ऑनलाइन खरेदीचं कार्डच घ्यायला हवं होतं. मी दुसऱ्या बँकेचं पेट्रोलचं कार्ड घेतलं. महिन्याची मर्यादा आधी तपासली. या कार्डाला ती नव्हती. आबांच्या नावाचं जोडकार्ड मागवलं. बायकोनं विचारलं, "हे आपल्याला परवडतं का?" मी म्हणालो, "नाही परवडत."

रविवारी आबांना गाडीत बसवून पंपावर नेलं. कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मीच ठेवलं होतं. ते नको म्हणाले नाहीत. गाडीतून उतरून हवेच्या नळापाशी उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांचा तोच सोबती ट्रॅक्टर घेऊन आला. मला बघून त्यानं मान वळवली, पण आबांना बघून चेहरा खुलला. खिशातून नोटा काढून आबांपुढं धरल्या.

"या की पॉइंटवाले! लई दिसांनी आलायसा. घ्या, लावा कार्ड."

मी मनातल्या मनात म्हणत होतो, घ्या आबा.

आबांनी नोटांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग सोबत्याला हळू आवाजात म्हणाले, "न्हाई बाबा. ज्यानं त्यानं आपलं आपलं भरावं."

ते टोमणा मारत नव्हते. पंपाचा एखादा नियम सांगावा, तसं ते बोलले. सोबत्यानं पैसे पंपावरच्या माणसाला दिले आणि ट्रॅक्टर काढला.

मी माझ्या गाडीत पेट्रोल टाकलं. पंपावरच्या माणसानं विचारलं, "कार्ड का रोख?" माझं कार्ड घरी होतं. आबांचं त्यांच्या खिशात होतं, पण ते मागायला तोंड उघडेना. मी रोख दिली.

येताना फाटा गेला, शाळा गेली, आमची विकलेली खाचरं गेली. तिथं आता पत्र्याची शेड आहे. घर येईपर्यंत मी वाट बघत होतो, की ते विचारतील, आज किती झालं. या वेळी खरं सांगायची माझी तयारी होती. त्यांनी खिशातलं कार्ड काढलं, गाडीच्या पुढच्या खणात पावत्यांवर ठेवलं आणि खण लागतोय का ते दाबून बघितलं.