मावशींचं टॅम्प्लीज

खोटं कसं वागावं हे माझ्या बायकोच्या मावशींइतक्या प्रामाणिकपणे शिकवणारं माणूस कल्याणपासून कुलाब्यापर्यंत सापडायचं नाही. उभा जन्म त्यांनी मुलुंडला बालवाडी चालवली. गॅदरिंगमध्ये वाघ झालेलं पोर खरोखरच कुणाला चावलं, तर मावशी भर स्टेजवर त्याची शेपटी काढून घेत. "वाघ टाळ्यांसाठी व्हायचं, चावायला नाय," एवढंच त्यांचं नाट्यशास्त्र. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी तावातावाने बोलू लागले की मागच्या रांगेतून मावशी विचारत, "हे खरं-खरं की खोटं-खोटं?" आणि त्या सद्गृहस्थांची पट्टी खाली येई. मी जावई म्हणून मला सूट होती असं मुळीच नाही. एकदा सोलकढीची तिसरी वाटी मी "पोट भरलं हो" म्हणून नाकारली, तर म्हणाल्या, "जावईबापू, खोटं-खोटं नको म्हणताय. डोळे वाटीतच आहेत तुमचे." मी ती वाटी संपवली, आणि चौथीही.

त्यांचा एक जुना विद्यार्थी आता अंधेरीला राहतो आणि सिनेमे काढतो. ज्यात गाणी नसतात, नट ओळखीचे नसतात आणि शेवटी काय झालं ते घरी जाताना आपलं आपण ठरवायचं असतं, असे सिनेमे. तो मावशींचा फ्लॅट शूटिंगसाठी मागायला आला तेव्हा मी तिथेच होतो. गोष्ट होती आई नसलेल्या दोन भावंडांची. ती मामाकडे राहतात. मामा त्यांना मारतो, अंधारात कोंडून ठेवतो. मावशींनी ती शेवटपर्यंत एक शब्द न बोलता ऐकली. आमच्या मालवणी सासुरवाडीत कुणी एवढा वेळ गप्प बसलं तर लोक डॉक्टरला बोलावतात.

मग म्हणाल्या, "घर घे. पण पोरांना कोण बघणार?"

"त्यांचे आईवडील असतील ना, बाई."

"ते पोरांचं कौतुक बघतील. पोरांना मी बघते."

झालं! मावशी मांडीवर सोलायच्या वालांचं ताट घेऊन कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसू लागल्या. मीही सुट्ट्या टाकून जात असे. मावशींचा नियम एकच. खेळताना दमलेलं पोर मूठ तोंडाशी नेऊन 'टॅम्प्लीज' म्हणतं आणि मग त्याला कुणी आऊट करत नाही, तसंच इथेही. मुलांनी टॅम्प्लीज म्हटलं की कॅमेरा बंद, मग उजेड जावो नाहीतर दिग्दर्शकाची झोप. पहिल्या दिवशी पोरांनी नऊ वेळा टॅम्प्लीज घेतलं, त्यातलं निम्मं शेवपुरीसाठी. तिसऱ्या दिवशी मात्र भलतंच झालं. मामाचं काम करणारा सहा फुटी नट हातात पट्टा घेऊन गर्जत आला, मध्येच थांबला, आणि मूठ त्यानेच तोंडाशी नेली. "टॅम्प्लीज," म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडला. त्याची मुलगी तेवढ्याच वयाची होती. सिनेमात त्याच्या हातचा मार खाणारी आठ वर्षांची गार्गी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "काका, खोटं-खोटं आहे ना ते! तुम्ही झकास ओरडता. टेन्शन नका घेऊ." मावशींनी मीठमोहऱ्या ओवाळून त्या खलनायकाची दृष्ट काढली.

मग आला गार्गीला कोंडण्याचा प्रसंग. पोरगी छान करत होती, पण दिग्दर्शकाला 'खरी भीती' हवी होती. त्याने सहायकाच्या कानात सांगितलं, तिला काही कळू देऊ नकोस, एकदम दार ओढ आणि बाहेरून कडी घाल. मावशींचे कान बालवाडीत तयार झालेले. ताट खाली ठेवून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "अरे, बाथरूमचा नळ गळतोय, बघतोस जरा?" जुना विद्यार्थी निमूट गेला. मावशींनी बाहेरून कडी घातली आणि दिवा घालवला. आधी तो हसला. मग "बाई, पुरे ना," म्हणाला. मग दार बडवू लागला, आणि शेवटी आतून चक्क "टॅम्प्लीज!" ऐकू आलं. मावशींनी लगेच कडी काढली आणि त्याचं घामेजलेलं तोंड पदराने पुसलं.

"तू एवढा बाप्या, आणि बाहेर मी आहे हे तुला ठाऊक होतं. तिला तेवढंही ठाऊक नसतं. तिची भीती चोरून सिनेमा करायचा, तर माझ्या घरात नाय."

अर्धा सिनेमा त्या घरात चित्रित झाला होता. आता घर बदलणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "कसं करू, बाई?"

"तिलाच विचार."

गार्गीला सगळं सांगितलं. तिने अट घातली: कडी लावायची नाही आणि आजी दारापलीकडे बसणार. मावशी गुडघेदुखी विसरून लादीवर आडव्या झाल्या आणि दाराखालच्या फटीतून त्यांनी करंगळी आत सरकवली. तो सिनेमा पाहिलेले लोक सांगतात, अंधारात ती मुलगी ओठ चावत फटीकडे बघते तेव्हा काळजाचं पाणी होतं. करंगळी नाचत होती आणि गार्गी हसू दाबत होती, हे आम्हा चारपाच जणांनाच माहीत.

घाटकोपरच्या एका छोट्या सभागृहात सिनेमा दाखवला. मोठी माणसं डोळे पुसत बाहेर आली. गार्गी आईचा हात सोडून मावशींकडे धावली.

"आजी, खऱ्या मुलांना कोंडतात तेव्हा बाहेर कोण असतं?"

मावशी तिच्यासमोर वाकल्या.

"पुष्कळदा कोणी नसतं, बाय," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी नव्हतं."

"मग तू कुणाला सांगितलंस?"

"आज तुला."

वीस वर्षं मी या बाईंची थट्टा करत आलो होतो. माझ्या बायकोलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. गार्गीने दोन्ही हातांनी मावशींचा हात धरला. रिक्षा येऊन थांबली तरी त्या दोघी तशाच उभ्या होत्या, आणि मी रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं.