समोरच्या बाईंचं कमळ

सोमवारी दुपारी माझी पत्नी वारली.

मंगळवारी सकाळी समोरच्या बाई आमच्या दारात रांगोळी काढत होत्या. त्या लिंगायत आहेत. वाकताना गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी डाव्या हाताने सावरतात आणि पाकळ्यांशी बोलतात, "सरक बाई जरा, बहिणीला जागा दे." त्यांच्या अंगणात रोज आठ पाकळ्यांचं कमळच असतं.

माझी बहीण रांगोळी पुसायला पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. "घरात सुतक हाय अन् तुमी रांगोळी काढायलाव?"

"आमच्यात सुतक न्हाई धरत, अक्का," मान वर न करता त्या म्हणाल्या. "अन् कमळ हाय हे. चिखलात उगवतंय त्याला कशाचा विटाळ? मास्तरीणबाई रोज माझी रांगोळी बघत थांबायच्या. आज त्यांचंच दार मोकळं ठेवू?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. कमळ आपलं राष्ट्रीय फूल आहे, एवढंच मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो.

"बादली आत ने," मी म्हणालो.

बहीण तेरा दिवस त्या कमळाला वळसा घालून जात होती, पण तिने ते पुसलं नाही.

आता घरात मी एकटा असतो. दारात रोज सकाळी कमळ असतं.