दांडी न धरणारी आक्का

आमच्या आक्काने सगळ्या नोकरीत एसटीची दांडी कधी धरली नाही. माझी ही थोरली नणंद परळी–पाटोदा गाडीवर कंडक्टर होती. वीज केंद्राच्या राखेचे ट्रक जाऊन जाऊन त्या रस्त्याची चाळण झालेली. गाडी अशी उसळायची की बसलेली माणसंही समोरची सीट घट्ट धरायची. ही मात्र दोन पाय फाकवून मधोमध उभी, एका हातात मशीन, दुसऱ्यात सुट्टे. "दांडी पॅशिंजरसाठी आसती," म्हणायची. "मी धरली तर तिकीट काय तुझा नवरा फाडंल?" तिचा भाऊ म्हणजेच माझा नवरा, त्यामुळे हे बोलणं मलाच झेलावं लागे.

एकदा सिरसाळ्याला एक मेंढपाळ म्हातारा काखेत करडू घेऊन चढला. पुढच्या सीटवर कडक इस्त्रीतला एक पुढारी होता. त्याने नाकाला रुमाल लावला. "बाई, ह्याला उतरवा. वास मारतोय." मी त्याच गाडीत होते. वाटलं, आता हिची बदली नक्की. आक्का म्हणाली, "त्याचं तिकीट पाटोद्याचं हाय. त्याला मधी उतरवायचा हक मला न्हाई, तुमाला तर न्हाईच. वास लईच येत आसंल तर तुमी उतरा." आणि दिली डबल बेल! पुढारी पाटोद्यापर्यंत रुमाल धरून बसला.

रिटायर झाल्यावर तिने जाहीर केलं, की पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, जिथे जमीन संपून बर्फ लागतो, तिथे बोटीने जायचं. आमच्याकडे हे खवळले. "आक्का, ह्या वयात? लोक काय म्हणतील?"

"कावून रे, मंग कवा जाऊ? मेल्यावर? जल्मभर दुसऱ्याला शेवटच्या स्टॉपला सोडलं. आता माझा शेवटचा स्टॉप मला बघायचाय. फंड माझा, पाय माझे." सोबतीला मला घेतलं. मला कुणी विचारलंही नाही!

त्या समुद्राबद्दल कुणी विचारलं तर सांगते: बोटीवर चढताना जे खाल ते पोटात राहील, अशी आशा सोडा. टेबलक्लॉथ ओले करून ठेवतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. खुर्च्या जमिनीला बांधलेल्या. कठड्याला जागोजाग उलटीच्या पिशव्या खोचलेल्या. झोपावं तर कधी डोकं वर, कधी पाय वर. खिडकीत एकदा नुसतं आभाळ, एकदा नुसतं पाणी. पुण्याची आमची टूर मॅनेजर पोरगी सारखी बजावत होती, "मावशी, एक हात कायम कठड्याला." आक्का हसायची. मी आडवी होऊन देवाचा धावा करत होते आणि ही बया जेवून, ढेकर देऊन येत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी चहा आणायला गेली. दोन हातांत दोन कप, कठडा अर्थातच सोडलेला. बोट पुढे झुकली, तिने तोल सावरला. तेवढ्यात बोट आडवीही कलली. कप एकीकडे, आक्का दुसरीकडे. डावं मनगट मोडलं. "खड्डा निदान दिसतो तरी," प्लास्टर घालून घेताना ती म्हणाली, "हे मुडदं पाणी सांगतच न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हाताच्या दुखण्याचं नव्हतं, हे मला कळलं.

बर्फाचा किनारा दिसला आणि समुद्र शांत झाला. पण काठाला जायचं ते शिडी उतरून, रबरी होडीत बसून. बोटीवरच्या डॉक्टरने साफ नकार दिला: हिने वरूनच बघायचं. सगळे जाड कोट चढवत होते. आक्काही चढवू लागली, एका हाताने. जाऊन रांगेत उभी राहिली.

"त्याला सांग," ती टूरवाल्या पोरीला म्हणाली, "माझं तिकीट शेवटच्या स्टॉपचं हाय. मधी उतरवायचा हक त्याला न्हाई."

पोरीने सांगितलं. डॉक्टरने एकच विचारलं: उजव्या हाताने खलाशाचा हात धरशील? शेवटपर्यंत सोडणार नाहीस?

आक्काने सगळ्या नोकरीत जे केलं नव्हतं, तेच तो मागत होता. खाली होडी वरखाली होत होती.

"धरते," ती म्हणाली. "शोभा, तू मागून कोट धर माझा. घाबरू नगं."

घाबरले होतेच, पण धरला. एकेक पायरी उतरलो. होडीत टेकताच ती ओरडली, "टण् टण्! चला!" काठावर काळ्यापांढऱ्या पक्ष्यांची ही गर्दी, आणि घाण तर विचारूच नका. मी नाकाला पदर लावायला गेले, तर अंगावर कोट! आक्काने छाती भरून श्वास घेतला. "आलं बघ पाटोदा," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मीही रडले.

गेल्या महिन्यात आम्ही परळीहून एसटीत चढलो. गर्दी होती. एका पोराने जागा दिली, ती तिने मलाच दिली आणि स्वतः उभी राहिली, दोन पाय फाकवून, दोन्ही हात मोकळे. मनगट अजून वाकडंच आहे.

"आक्का, धरा की दांडी! तिकडं धरला होतात ना त्या खलाशाचा हात?"

"तिथं धरला," ती म्हणाली. "तो रस्ता त्याचा हाय. हा माझा हाय."